‘वर्ग’ म्हणजे नेमका कोणता वर्ग?

वाशीम जिल्ह्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. वडिलांच्या नावावर साडेतीन एकर वावर. पीककर्जासाठी सातबारा काढला तर त्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ छापलेलं दिसलं. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर मात्र ‘वर्ग-१’. भाऊ विचारतात, ‘‘आम्ही ओबीसी आहो म्हणून आम्हाले दुसऱ्या वर्गात टाकलं का? जातीचा दाखला जोडून अर्ज केला तर वर्ग-१ होईल का?’’ त्याला जोडून आणखी दोन गोष्टी आहेत. मुलीच्या वसतिगृहाच्या अर्जात ‘वर्ग’ या रकान्यात त्यांनी ‘८ वा’ लिहिलं आणि अर्ज त्रुटीत निघाला. आणि अनुदानाचे पैसे ‘वर्ग करण्यात आले आहेत’ असा संदेश मोबाइलवर आला, पण पासबुकात ते दिसत नाहीत. एवढ्याशा शब्दाचे अर्थ तरी किती, आणि कुठे कोणता घ्यायचा हे ओळखायचं कसं, असा एकूण सवाल आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात वावर अडकलेलं आहे. नाही. सातबाऱ्यावरच्या वर्गाचा ओबीसी असण्याशी काडीचा संबंध नाही, आणि जातीचा दाखला जोडून तो बदलतही नाही. आदिवासींच्या जमिनीचं प्रकरण थोडं वेगळं आहे, त्यावर खाली येतो.

मी तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देतो. आधी हातानं लिहायचो, आता संगणकावर भरतो. हा गोंधळ टेबलावर सारखा येतो, आणि विचारणाऱ्याला हसावं असं त्यात काही नाही. सरकारनं एकच शब्द महसूल, समाजकल्याण, शाळा, कोषागार, नगरपरिषद, सहकार अशा सगळ्या खात्यांना वाटून दिला आणि प्रत्येकानं तो आपापल्या कामाला जुंपला. गावचा माणूस मात्र एकच. तो एकाच दिवशी सकाळी पटवाऱ्याकडे, दुपारी बँकेत आणि संध्याकाळी शाळेत जातो.

मुळात ‘वर्ग’ हा शब्द एकटा फार थोडं सांगतो. कोणीतरी कशाच्या तरी वाटण्या पाडल्या आणि तुम्ही, तुमचं वावर किंवा तुमचं गाव त्यातल्या एकीत बसतं, एवढंच त्यातून कळतं. वाटण्या कोणी पाडल्या आणि कशाच्या पाडल्या हे ठाऊक नसेल तर पुढच्या १, २, क, ड या खुणा वाचून उपयोग नाही. अडत्याच्या दुकानात पोत्यावर खडूनं ‘२’ काढलेला असतो. तो मालाची प्रत आहे, मालकाचा नंबर आहे की काट्यावरची पाळी, हे अडत्यालाच ठाऊक.

म्हणून कागद हातात आला की मी आधी त्याचा माथा वाचतो. कोणत्या खात्याचा कागद आहे? मग ‘वर्ग’च्या मागचा शब्द बघतो : भोगवटादार वर्ग, मागास वर्ग, लेखापरीक्षण वर्ग. मग पुढचा : वर्ग करणे, वर्गफूट, वर्ग ५ वा. बहुतेक वेळा एवढ्यात निकाल लागतो. जिथं लागत नाही तिथं रकान्याखाली निवडीचे पर्याय कोणते दिलेत ते पाहायचं. ऑनलाइन अर्जाचा हा एक फायदाच आहे : पर्यायांत पाचवी-सहावी दिसली तर शाळेचा वर्ग, आणि अजा-अज-विजा (अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती) दिसलं तर सामाजिक प्रवर्ग.

आता वावराकडे. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीच्या ठिकाणी चूक झाली तर अर्ज परत येतो. इथं चूक झाली तर इसार बुडतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. १५ ऑगस्ट १९६७ पासून ती लागू झाली. तिच्या कलम २९ मध्ये सरकारकडून जमीन धारण करणाऱ्यांचे प्रकार आहेत : भोगवटादार वर्ग एक, भोगवटादार वर्ग दोन आणि शासकीय पट्टेदार. वर्ग एक म्हणजे जमीन कायमची आणि हस्तांतरणाला मोकळी. वर्ग दोन म्हणजे जमीन कायमचीच, पण विक्री, बक्षीस, अदलाबदल अशा हस्तांतरणावर बंधन. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची, बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दोन्हींत मालकी कच्ची-पक्की असा भेद नाही. वर्ग-२ चा कास्तकार भाडेकरू नसतो. जमीन कोणत्या वाटेनं त्याच्या घरात आली, एवढ्यावर हा वर्ग ठरतो. म्हणून एकाच भावाचं नदीकडचं वावर वर्ग-१ आणि टेकडीकडचं वर्ग-२ असं सर्रास दिसतं.

विदर्भात या वाटा जास्त फुटलेल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. तिथल्या १९५४ च्या जमीन महसूल कायद्यात ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ असे शब्द होते, आणि जुन्या फेरफारांत, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींत, ते अजून सापडतात. नवी संहिता आली तेव्हा बंधन नसलेला भूमिस्वामी वर्ग-१ मध्ये बसवला गेला. बंधन असलेला भूमिस्वामी आणि भूमिधारी गेले वर्ग-२ मध्ये. पश्चिम महाराष्ट्रातल्या वकिलाचं भाषण मोबाइलवर ऐकून आपल्या वावराचा हिशेब लावू नका असं मी म्हणतो ते याच कारणानं. तिकडे इनाम-वतनाच्या गोष्टी जास्त, आपल्याकडे भूमिधारीच्या.

भूमिधारी ही एक वाट झाली. दुसरी कुळाची : १९५८ च्या विदर्भासाठीच्या कुळकायद्यानं आजोबांना जमीन मिळाली असेल तर ती वर्ग-२. तिसरी सीलिंगची, म्हणजे १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात मोठ्या मालकाकडून काढून भूमिहीनाला दिलेली. चौथी भूदानाची, विनोबांचा आश्रम वर्ध्याजवळ पवनारला, त्यामुळे आपल्या भागात भूदानाची वावरं गावोगाव सापडतात. याशिवाय भूमिहीनाला किंवा माजी सैनिकाला सरकारनं दिलेली जमीन, धरणात गाव गेल्यावर पुनर्वसनात मिळालेली जमीन, अशा आणखी वाटा आहेत. प्रत्येकीची अट निराळी, परवानगी देणारा निराळा, नजराण्याचा, म्हणजे त्यासाठी सरकारला भरायच्या रकमेचा, दर निराळा.

म्हणजे ‘वर्ग-२ ची वर्ग-१ करायला किती खर्च येतो?’ या सवालाचं सरसकट उत्तर देणारा माणूस एकतर अडाणी किंवा दलाल. जमीन कोणत्या वाटेनं आली यावर सगळं अवलंबून आहे. कुळकायद्याचं उदाहरण घ्या. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला जमीन विकत मिळून १० वर्षं झाली असतील तर जमीन आकारणीच्या, म्हणजे वावरावरच्या सरकारी साऱ्याच्या, ४० पट नजराणा भरला की विक्रीसाठी वेगळ्या परवानगीची अट उरत नाही. आकारणीचा आकडा सातबाऱ्यावरच असतो आणि तो बाजारभावाच्या मानानं अगदी किरकोळ असतो. समजा आकारणी ५ रुपये ६० पैसे आहे. ४० पट केली तर २२४ रुपये. या २२४ रुपयांच्या कामासाठी हजारो रुपये मागणारे लोक तहसीलभोवती फिरत असतात, म्हणून आकडा मुद्दाम लिहिला. घेणारा शेतकरी असणं, त्याची जमीन सीलिंगच्या मर्यादेत असणं या बाकीच्या अटी आहेतच. उलट सरकारनं दिलेल्या जमिनीचा नजराणा बाजारमूल्याच्या हिशेबानं लागतो, तिथं रक्कम मोठी होते. भूदानाच्या वावराचा तर विक्रीचा विचार डोक्यातून काढूनच बोलायला बसावं.

भावानं आता काय करावं? जातीच्या दाखल्याचा अर्ज करू नका. पटवाऱ्याकडे जा (कागदावर ते आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, पण गावात पटवारीच) आणि ‘गाव नमुना १-क’ मध्ये आपला गट नंबर कुठे आहे ते विचारा. वर्ग-२ च्या जमिनींची नोंद या नमुन्यात असते आणि त्याचे १ ते १४ असे भाग आहेत. तुमचं वावर कोणत्या भागात आहे ते कळलं की कोणती वाट, कोणती अट, हे आपोआप कळतं. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे आणि ज्या फेरफारानं जमीन पहिल्यांदा घरात आली तो फेरफार, यांच्या नकला काढा.

जुने सातबारे कशाला, तर एक शक्यता अशीही असते की मुळात जमीन वर्ग-१ होती आणि हस्तलिखितावरून संगणकावर घेताना वर्ग-२ पडलं. असं असेल तर नजराण्याचा प्रश्नच येत नाही. संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करायचा आणि जुन्या उताऱ्याची नक्कल जोडायची. पण नमुना १-क मध्ये नोंद आहे आणि जुन्या सातबाऱ्यावरही वर्ग-२ किंवा भूमिधारी आहे, तर ती चूक नाही. मग रूपांतराची किंवा परवानगीची वाट. कोणता अर्ज हे या दोन कागदांवर ठरतं. मी तरी ते पाहिल्याशिवाय लेखणी उचलत नाही.

दोन भीती जाता जाता काढून टाकतो. वर्ग-२ आहे म्हणून पीककर्ज मिळत नाही, असं बँकेच्या दारातला कोणीही सांगेल. संहितेच्या कलम ३६ मध्येच वर्ग-२ च्या भोगवटादाराला शेतीच्या कर्जासाठी बँकेकडे किंवा सहकारी संस्थेकडे जमीन गहाण ठेवायची मुभा आहे. शाखेत अडवलं तर कारण लेखी मागा. दुसरी भीती वारसाची. वडिलांच्या मागे वारसांची नोंद वर्ग-२ वरही होते, त्याला विक्रीसारखी परवानगी लागत नाही. अडतं ते विक्रीला. परवानगी नसताना केलेला व्यवहार शर्तभंग ठरतो, आणि शर्तभंगात जमीन सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पोरीच्या लग्नासाठी घाईनं इसारपावती करून पैसे उचलले आणि मग सातबारा नीट वाचला, असे लोक दरवर्षी टेबलासमोर येऊन बसतात. घेणाऱ्यानंही हे वाचावं. वावर पाहायला गेलात की विहिरीला पाणी किती हे विचारण्याआधी वर्ग विचारा.

आता आदिवासींची जमीन. यवतमाळ, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यात हा विषय रोजचा आहे. इथं मात्र माणसाचा सामाजिक वर्ग आणि जमिनीचं बंधन एकत्र येतात. अनुसूचित जमातीच्या खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर कलम ३६ आणि १९७४ साली आलेलं कलम ३६-अ आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, आणि त्या मंजुरीला आधी राज्य शासनाची मान्यता, अशी दुहेरी साखळी आहे. गोंड, कोलाम, आंध कुटुंबांच्या जमिनी सावकारांकडे आणि सधन शेतकऱ्यांकडे गेल्या, म्हणून हा बंदोबस्त आला. तेव्हा भावाची शंका अगदीच हवेतली नव्हती. अशा एखाद्या शेजाऱ्याचा सातबारा पाहून ‘जातीवरून वर्ग ठरतो’ असं कोणालाही वाटेल. पण ते बंधन अनुसूचित जमातीपुरतं. ओबीसीच्या जमिनीवर ओबीसी म्हणून कोणतंही बंधन नाही.

जमिनीचं एवढ्यावर थांबवतो आणि दाखल्यांकडे वळतो.

संविधानाच्या कलम ३४० मध्ये मागासवर्गांची स्थिती तपासायला आयोग नेमण्याची तरतूद आहे. त्याखालचा पहिला आयोग १९५३ मध्ये काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला, दुसरा मंडल आयोग. इथला वर्ग म्हणजे लोकसमूह. महाराष्ट्रात त्याच्या आणखी वाटण्या आहेत : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती (अ), भटक्या जमाती (ब), (क), (ड), इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग. हल्लीच्या बऱ्याच अर्जांवर यासाठी ‘प्रवर्ग’ छापतात. हा एक ‘प्र’ लावला हे सरकारनं फार चांगलं केलं. सगळ्या अर्जांवर लावला असता तर माझा निम्मा धंदा बसला असता.

‘कागद कोणाचा’ हे का पाहायचं, ते इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरचा बंजारा मुलगा राज्याच्या अर्जात विमुक्त जाती (अ) लिहितो. तोच मुलगा रेल्वेच्या किंवा केंद्राच्या दुसऱ्या भरतीचा अर्ज भरतो तेव्हा ओबीसी, कारण केंद्राच्या यादीत महाराष्ट्रातल्या बंजारांची नोंद इतर मागास वर्गात आहे. माणूस तोच, जात तीच, घर तेच; कागदाचा मालक बदलला की वर्ग बदलला. त्यासाठी दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. ‘‘काकाजी, मागच्या अर्जात विजा-अ लिहिलं, आता ओबीसी लिहिलं तर खोटं होईल ना?’’ असं पोरं घाबरून विचारतात. होत नाही. राज्याच्या अर्जातला दाखला केंद्राच्या अर्जाला जोडला तर मात्र तो चालत नाही.

शाळेचा वर्ग तर आपल्याला जन्मापासून माहीत. पुण्याकडे ‘इयत्ता’ म्हणतील, आपल्याकडे ‘कोणत्या वर्गात हायेस रे?’ असंच विचारतात. भावाच्या मुलीच्या अर्जात तेच झालं. वसतिगृहाच्या अर्जात आठवी लिहायला बहुधा ‘इयत्ता’ असा वेगळा रकाना असतो आणि ‘वर्ग’ म्हणजे प्रवर्ग. भावानं वाचलं आपल्या बोलीतलं, अर्ज लिहिला होता दुसऱ्या बोलीत. यात एक गंमत अशी की काही जुन्या छापील अर्जांवर ‘वर्ग’ दोनदा येतो, वर एकदा आणि खाली एकदा. अशा वेळी शेजारचा रकाना बघायचा. ‘तुकडी’ किंवा ‘हजेरी क्रमांक’ शेजारी असेल तर शाळेचा, ‘जात’ किंवा ‘धर्म’ शेजारी असेल तर सामाजिक.

नोकरीतला वर्ग यात आणखी भर घालतो. सरकारी नोकऱ्यांचे वर्ग-१ ते वर्ग-४ असे चार थर होते, आता त्यांना गट-अ, ब, क, ड म्हणतात. कागदावर गट झाले तरी तोंडातून वर्ग गेला नाही. ‘क्लास वन साहेब’ आणि ‘वर्ग चारचा शिपाई’ हे कायम आहेत. ‘वर्ग-४ ची पदे’ हे वाचून ‘चौथी पास चालते’ असं समजणारे उमेदवार दर भरतीला भेटतात. जाहिरातीत पात्रता खाली वेगळी दिलेली असते, ती वाचायची.

इथवर पोचल्यावर लक्षात आलं असेल की आकडा किंवा अक्षर पाहून वरचा-खालचा दर्जा ठरवणं ही सगळ्यात मोठी फसगत आहे. नोकरीत वर्ग-१ वरचा आणि वर्ग-४ खालचा हे खरं. शाळेत उलट, चौथीपेक्षा पहिली खालची. जमिनीत १ आणि २ मध्ये मोकळीक कमी-जास्त, मान कमी-जास्त नाही. आणि भटक्या जमातींच्या ब-क-ड मध्ये तर वर-खाली काहीच नाही, ओळखायच्या नुसत्या खुणा. आपण मात्र एका ठिकाणी शिकलेली उतरंड दुसरीकडे लावतो. भावाला ‘दुसऱ्या वर्गात टाकलं’ असं वाटलं ते त्यामुळेच.

अक्षरांवरून आठवलं. ‘क वर्ग’ एवढंच कोणी म्हणालं तर मी आधी विचारतो, कोणाचा? मराठीच्या गुरुजींचा क-वर्ग म्हणजे क ख ग घ ङ. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांचा क वर्ग म्हणजे ४० हजारांच्या आत लोकसंख्या असलेली नगरपरिषद. ४० हजारांच्या वर ब, एक लाखाच्या वर अ. देवस्थानच्या विश्वस्तांचा क वर्ग म्हणजे जिल्हा नियोजन समितीनं मान्य केलेलं तीर्थक्षेत्र, ज्यावर भक्तनिवासाचा निधी येतो. आणि सेवा सहकारी सोसायटीच्या सचिवाचा क वर्ग म्हणजे लेखापरीक्षणात मिळालेली श्रेणी, जिच्याबद्दल आमसभेत कोणी बोललेलं त्याला आवडत नाही. हे चौघं एका पंगतीत बसून ‘आमचं क वर्गात आहे’ म्हणू शकतात आणि एकाचं दुसऱ्याला काही कळणार नाही.

आता तिसरा प्रश्न, पैसे ‘वर्ग’ झाल्याचा. इथं शब्दाचा बाजच बदलतो. ‘वर्ग करणे’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवणं, सोपवणं. अनुदान खात्यात वर्ग होतं. गुन्हा एका पोलीस ठाण्यातून दुसऱ्याकडे वर्ग होतो. जिल्हा परिषदेचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वर्ग होतो, आणि मग त्याच खड्ड्यासाठी तक्रार दुसऱ्या साहेबाकडे करावी लागते. तेव्हा घाबरायचं कारण नाही. कोणी तुमचे पैसे खालच्या पायरीवर टाकलेले नाहीत.

पण संदेश आला आणि पासबुकात पैसे नाहीत, याची कारणं शोधावी लागतात. थेट लाभाचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. तुमची दोन बँकांत खाती असतील तर आधार शेवटी जिथं जोडलं तिथं पैसे पडतात, तुम्ही ज्याचं पासबुक घेऊन बसलात तिथं पडतीलच असं नाही. कितीतरी घरांत हे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात सापडतात. दुसरं कारण कडू आहे. ‘वर्ग झाले’ हे खरं असतं, पण ते कर्जखात्यात वर्ग झालेले असतात, म्हणजे थकबाकीत वळते केलेले. त्यामुळे शाखेत जाऊन ‘पैसे वर्ग झाले का?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ हे उत्तर पुरतं. ‘कोणत्या खात्यात वर्ग झाले, त्या खात्याचा नंबर आणि तारीख द्या’ असं विचारा. अनुदान कर्जात वळतं केलेलं दिसलं तर शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्या मदतीच्या शासन निर्णयात कर्जवसुली करू नये अशी सूचना आहे का ते तहसीलमधून पाहून घ्या, बऱ्याचदा ती असते. आणि संदेशात ‘पैसे वर्ग करण्यासाठी इथे दाबा’ असं काही असेल तर दाबू नका.

राहिला मोजमापाचा वर्ग. गणितात ५ चा वर्ग २५, इतकं शाळेत झालं. आपल्याकडे हिंदीचा शेजार असल्यामुळे प्लॉटवाले चौरस फुटाला वर्गफूट म्हणतात. अर्थ एकच : ३० बाय ५० चा प्लॉट म्हणजे १५०० वर्गफूट. गुंठ्याचे १०८९, एकराचे ४० गुंठे. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. आर आणि गुंठा यांतला हा फरक गावठाणाला लागून प्लॉट पाडणारे हमखास गिळतात. आणखी एक खड्डा असा : ‘१० वर्गमीटर’ आणि ‘१० मीटर वर्ग’ एक नाहीत. दुसरा म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, १०० चौरस मीटर. घरकुलाच्या किंवा शेततळ्याच्या अर्जात हे उलटसुलट लिहिलं की मोजणीच्या वेळी वाद होतो. तिथं सरळ लांबी आणि रुंदी लिहायची, वर्गाच्या भानगडीत पडायचंच नाही.

बाकी महिलावर्ग, शिक्षकवर्ग, मित्रवर्ग हे लग्नपत्रिकेचे वर्ग. त्यांना कोणताही दाखला लागत नाही. शेतीच्या पुस्तकातला वर्गही त्रास देत नाही. गुलाबी बोंडअळी कीटक वर्गातली, असं लिहिलेलं असतं, आणि त्या मांडणीत वर्ग वर आणि जाती सगळ्यात खाली असते. जातीच्या दाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बीएस्सीच्या पोरीनं मला हे सांगितलं, तेव्हा रांगेतले सगळे हसले होते.

भावाच्या कामांचा क्रम आता असा ठेवा. मुलीचा अर्ज आधी, कारण त्याला शेवटची तारीख असते. नवा अर्ज भरू नका. त्रुटीत आलेलाच उघडून ‘वर्ग’मध्ये इतर मागास वर्ग निवडा, आठवी ‘इयत्ता’मध्ये टाका, जातीचा दाखला नीट वाचता येईल असा पुन्हा चढवा आणि पुन्हा सादर करून पोचपावती काढून ठेवा. तो जातीचा दाखला लागतो तो इथं. मग बँक. कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, हे दोन प्रश्न. वावराचं काम मोठं आहे पण त्याला आजच्या आज काही होत नाही. पीककर्जासाठी वर्ग-२ चा सातबारा चालतो, तो घेऊन जा. नमुना १-क चा उतारा आणि जुना फेरफार हातात आला की त्यावर कोणत्या कायद्याचं नाव आहे आणि कोणता भाग लिहिलाय तेवढं कळवा. तोवर कोणी ‘वर्ग बदलून देतो’ म्हणत घरी आलं तर त्याला चहा पाजा, पण सातबाऱ्याची नक्कल आणि वडिलांचा अंगठा देऊ नका.